रोजकीर्द व यादी

रोजकीर्द व यादी : मराठी राज्याच्या दफ्तरांत कामांचा आणि तारखांचा लेखी माग ठेवणारे दोन प्रमुख कागद. झालेला व्यवहार तारीखवार रोजकीर्दीत चढे. ज्यावर निर्णय व्हायचा आहे ते काम कलमवार यादीत मांडले जाई. दोहोंचा मेळ घातला की कोणते प्रकरण कोठे अडले आहे हे कारभाऱ्याला डोक्यात न ठेवता कळे. पेढ्यांवरील वह्यांची मांडणीही पुष्कळ अंशी अशीच असे. उपलब्ध कागदांत पेशवाईतील नमुने सर्वांत विपुल आहेत, आणि पुढील विवेचन मुख्यतः त्यांच्यावर आधारलेले आहे.

या लेखनपद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. पारंपरिक समजूत तिचे श्रेय यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा प्रमुख, हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याला देते. महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या कारकिर्दींत, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याच्या हाती राज्याचे दफ्तर होते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मोडी लिपी त्यानेच रूढ केली आणि दफ्तराचे नियम ‘मेस्तक’ नावाच्या टिपणांत घालून दिले, असेही सांगितले जाते. मात्र मेस्तकाच्या आज मिळणाऱ्या प्रती बऱ्याच उत्तरकाळच्या आहेत. त्यांत पुढच्या कारकुनांनी भर घातली असावी. त्यामुळे त्यांतील कोणता नियम यादवकालीन आणि कोणता नंतरचा हे ठरवणे अवघड होते. मोडी लंकेहून आणल्याची कथा तर केवळ आख्यायिका म्हणून सोडून द्यावी लागते.

दुसरे मत ही पद्धत सल्तनतींच्या आणि मोगलांच्या फार्सी दफ्तरातून आली असे मानते. त्याला परिभाषेचा आधार भक्कम आहे. ‘रोज’, ‘याद’, ‘तारीख’, ‘जमा’, ‘खर्च’, ‘बाकी’, ‘रुजू’ हे सारे शब्द फार्सी-अरबी वळणाचे. अकबराच्या दरबारात दररोजच्या घडामोडी टिपून ठेवणारे वाकेनवीस नेमलेले होते, आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतील मंत्री हे पद वाकेनवीस याच नावानेही ओळखले जाई. राजाच्या दिनक्रमाची व खासगी कारभाराची नोंद त्याच्याकडे असे. पत्रांचा मजकूर तपासण्याचे काम सचिवाकडे, म्हणजे सुरनिसाकडे. राज्याभिषेकाच्या सुमारास तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात या फार्सी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले आणि त्यात एक स्वतंत्र लेखनवर्गही आहे. पण कारकुनांच्या हातातले शब्द फारसे बदलले नाहीत. पेशवाईच्या कागदांत जुनीच परिभाषा नांदताना दिसते.

या दोन मतांच्या मध्ये एक दुवा आहे, त्याकडे कमी लक्ष गेले आहे. विजापूरचा पहिला इब्राहिम आदिलशाह (कार. १५३४–५८) याने हिशेबाचे दफ्तर फार्सीऐवजी ‘हिंदवी’त ठेवायला लावले आणि ते ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. येथे हिंदवी म्हणजे निदान काही भागांत तरी मराठी, असा अर्थ सामान्यतः घेतात. तो ग्राह्य धरला, तर स्थानिक हिशेबनिसांचा हात आणि फार्सी दफ्तराची परिभाषा यांचा मिलाफ सोळाव्या शतकातच झाला असावा. उपलब्ध पुराव्याशी हेच अनुमान अधिक जुळते.

यादीचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. कागदाच्या शिरोभागी ‘श्री’, खाली ‘यादी’ हा शब्द, ती कोणाची किंवा कोणत्या कामाची आहे याचा उल्लेख, आणि मग एकामागून एक कलमे. मोडीच्या रिवाजाप्रमाणे आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत. प्रत्येक कलमात एकच मुद्दा: थकलेला पगार, किल्ल्यावरचा दारूगोळा, एखाद्या वतनाचा तंटा. कलमाखाली जागा मोकळी सोडलेली असे. यादी वरिष्ठांपुढे वाचली जाई आणि जो निर्णय होईल तो त्या मोकळ्या जागेत, त्याच कलमाला लागून, लिहिला जाई. ‘येणेप्रमाणे करार’ असा शेरा पडला की कलम निकाली. मागणी आणि उत्तर एकाच कागदावर एकाखाली एक राहत असल्याने निर्णय नेमका कशाला दिला यावर पुढे वाद उरत नसे. सरदारांशी झालेले करारमदार आणि संस्थानिकांचे तहसुद्धा याच कलमबंदीच्या पद्धतीने ठरत. मोकळी राहिलेली जागा म्हणजे अनिर्णित काम. यादी चाळताना ते लगेच नजरेत भरे.

निर्णय झाला की त्याचे पत्र निघे आणि पत्राची नोंद दफ्तरात होई. पत्राच्या शेवटी वा पाठीवर आढळणारे ‘रुजू’, ‘बार’, ‘सुरू सूद’ यांसारखे त्रोटक शेरे हे कागद कोणकोणत्या हातांखालून गेला याची खूण होत. संशोधकांना कालनिश्चितीसाठी आणि बनावट कागद ओळखण्यासाठी त्यांचा मोठा उपयोग होतो.

रोजकीर्दीत दिवसाची तारीख, त्या दिवशीची जमा, खर्च आणि शिल्लक येई; त्याबरोबर सुटलेली आज्ञापत्रे, इनामे, नेमणुका यांचीही नोंद असे. आधी कच्चा खर्डा होई, त्यावरून पक्की कीर्द, आणि कीर्दीवरून खातेवार खतावणी. शिल्लक दुसऱ्या दिवशीच्या जमेत ओढली जाई. त्यामुळे एक दिवस कोरा राहिला तर पुढचा दिवस लिहिणेच अडत असे. पद्धतीची शिस्त कारकुनाच्या स्वभावावर सोडलेली नव्हती, ती मांडणीतच होती.

रोजकीर्दीतील तारीख हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. वर्ष शुहूर (अरबी) सनाचे असे आणि ते अरबी संख्यावाचकांत, आधी एकं, मग दहं, मग शतक व सहस्र या क्रमाने लिहीत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजेच ११६१. शुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतो. जानेवारी १७६१ मधील पानिपतची लढाई या हिशेबाने ‘इहिदे सितैन’मध्येच पडते. अडचण अशी की वर्ष सौर, सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलणारे, पण महिने हिजरी चांद्र. चंद्राची तारीख ‘छ’ या खुणेने दाखवीत. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे एकाच शुहूर सनात तितक्या तारखा दोनदा येतात, एकदा वर्षारंभी आणि एकदा वर्षअखेरीस. अशा ठिकाणी वार किंवा तिथी दिली नसेल, तर नुसत्या जंत्रीवर, म्हणजे तारखा जुळवून दाखवणाऱ्या कोष्टकावर, विसंबून लावलेला काळ जवळजवळ वर्षभराने चुकू शकतो. छापील साधनग्रंथांतील तारखाही या दृष्टीने तपासून घेतलेल्या बऱ्या. हा सन मुहम्मद तुघलकाने १३४४ च्या सुमारास सुरू केला असे सहसा म्हणतात. त्या वर्षी शुहूर आणि हिजरी या दोन्ही सनांचा आकडा ७४५ येतो, हा त्यामागील गणिती आधार. तुघलकाचे नाव त्यावरून जोडले गेले असावे. पेरणीशी आणि वसुलीशी जुळणारे सौर वर्ष महसुलाला सोयीचे होते, हे कारण मात्र पटण्याजोगे आहे.

पुण्याच्या हुजूर दफ्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या मध्यवर्ती दफ्तराचे, चालते दफ्तर व एकबेरीज दफ्तर असे दोन मुख्य भाग होते. पहिल्यात फडणिसाच्या देखरेखीखाली रोजचे काम चाले, दुसऱ्यात सर्व खात्यांचे वर्गवार गोषवारे तयार होत. भरभराटीच्या काळात तेथे दोनशेहून अधिक कारकून होते. नाना फडणिसांनंतर, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, ही व्यवस्था ढासळली. १८१८ मध्ये दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने इनामदारांचे हक्क तपासण्यासाठी त्याचा वापर केला. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले रोजकीर्दीतील उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी रोजनिशी या नावाने अनेक खंडांत छापले गेले. नावामुळे ती पेशव्यांची खासगी दैनंदिनी वाटते, तशी ती नाही. त्यांवरील न्या. म. गो. रानडे यांचे प्रास्ताविक विवेचन आजही वाचले जाते. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागद ४५ भागांत प्रसिद्ध केले. मूळ कागद पुणे पुराभिलेखागारात रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधून ठेवलेले आहेत.

वैयक्तिक दिनक्रम स्वतः लिहून ठेवण्याची उदाहरणे जुन्या कागदांत तुरळक आहेत. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज रोजनिशी ठेवीत. घरगुती पातळीवर दुधाचा रतीब आणि सिलिंडरची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील त्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहिण्याची रीत सर्वपरिचित आहे. व्यापारी कीर्द-खतावणीच्या नव्या वह्यांची पूजा दिवाळीत होते.

महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत आवक टपालाची नोंद करणारी शाखा अजून बारनिशी म्हणवते. प्रत्येक लिपिकाने आपल्याकडे आलेला कागद कार्यविवरण नोंदवहीत चढवायचा आणि निकाली निघालेल्या व शिल्लक प्रकरणांचा गोषवारा ठरावीक मुदतीने काढायचा, असा नियम आहे. हाताखालच्या कागदांची वाटणी सहा गठ्ठ्यांत होते: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायची प्रकरणे. यांपैकी प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तरासाठी थांबलेले कागद राहतात. उत्तर वेळेत आले नाही तर स्मरणपत्र धाडायचे असते.