नवताऱ्याचे आरंभीचे वर्णपटनिरीक्षण

अभिजात नवताऱ्याचा स्फोट दिसू लागल्यापासून पहिल्या काही तासांत व दिवसांत त्याच्या प्रकाशाचे तरंगलांबीनुसार पृथक्करण करून घेतलेल्या नोंदींना आरंभीचे वर्णपटनिरीक्षण म्हणता येईल. नाव काहीही असले तरी नवतारा नव्याने जन्मलेला नसतो. निकटच्या जोडीतील श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, घन गाभा, आपल्या सोबत्याकडून हायड्रोजनयुक्त वायू ओढून घेत राहतो, साचलेल्या थराचा तळ पुरेसा दाबला व तापला की तेथे अणुकेंद्रीय संमीलन अनावर होते आणि थराचा बराचसा भाग सेकंदाला शेकडो ते हजारो किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो. श्वेत बटू मात्र शाबूत राहतो.

आकाशात अनपेक्षित ठिकाणी तेजस्वी ठिपका दिसला, एवढ्यावरून तो नवतारा ठरत नाही. तो खुजा नवतारा (श्वेत बटूभोवतीची वायूची तबकडीच उजळणारी जोडी) असू शकतो, दूरच्या दीर्घिकेतील अतिनवतारा (ताऱ्याचा महास्फोट) असू शकतो किंवा तेज वाढलेला मीरासारखा चलतारा (ठराविक काळाने तेज बदलणारा थंड, तांबडा तारा) असू शकतो. मीरा प्रकारच्या ताऱ्याच्या वर्णपटात टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद पट्टे असतात, तर कोवळ्या नवताऱ्यात हायड्रोजनच्या बामर रेषा उठून दिसतात आणि त्यांची घडण वेगळीच असते. ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा जवळून पाहिली, तर तेजस्वी उंचवट्याच्या निळ्या बाजूला एक काळी खाच आढळते. उंचवटा सर्व बाजूंना पसरणाऱ्या वायूमुळे उमटतो. खाच मात्र आपल्या दिशेने येणारा, मागच्या प्रकाशाला अडवणारा वायू पाडतो. हंस तारकासमूहातील पी सिग्नाय ताऱ्यावरून या घडणीला नाव मिळाले आहे. खाच मूळ जागेपासून दोन नॅनोमीटर सरकली असेल, तर वायूचा वेग सेकंदाला सुमारे ९०० किलोमीटर निघतो.

सुरुवातीला हे कवच अपारदर्शक असते आणि फुगताना त्याचा दिसणारा पृष्ठभाग थंड होत जातो. परमतेजाच्या सुमारास वर्णपट एखाद्या अ किंवा फ वर्गाच्या (पांढऱ्या ते पिवळसर पांढऱ्या) महाराक्षसी ताऱ्यासारखा दिसतो. त्यानंतर एकतर एकदा आयनीभूत झालेल्या (एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या) लोहाच्या रेषा गर्दी करतात किंवा हेलियम व नायट्रोजनच्या रुंद रेषा वरचढ होतात. रॉबर्ट विल्यम्स यांनी १९९२ मध्ये केलेले वर्गीकरण याच भेदावर उभे आहे. परमतेजापूर्वीची ही अग्निगोलाची अवस्था अनेकदा एक-दोन दिवसांतच सरते, म्हणून तिचे वर्णपट दुर्मीळ व अतिशय मोलाचे आहेत.

नवताऱ्याचा वर्णपट प्रथम पाहिला गेला तो १८६६ मध्ये. उत्तर मुकुटातील तारा १२ मे रोजी उजळल्यानंतर विल्यम हगिन्झ व विल्यम मिलर यांनी १६ मे रोजी त्याच्या सलग पट्ट्यावर हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. हा तारा पुनरावर्ती, म्हणजे पुन्हा पुन्हा उजळणारा नवतारा आहे हे पुढे कळले, पण तारा वायूच्या उद्रेकामुळे उजळतो याचा धागा त्याच रेषांनी दिला.

अलीकडचे उत्तम उदाहरण धनिष्ठा तारकासमूहातील व्ही३३९ डेल्फिनीचे आहे. जपानमधील कोइची इतागाकी यांनी १४ ऑगस्ट २०१३ रोजी तो ६.८ प्रतीचा (प्रत हे तेजाचे माप; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) असताना टिपला, आणि त्याच रात्री ला पाल्मा बेटावरील लिव्हरपूल दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटाने तो नवतारा असल्याचे पक्के केले. दोन दिवसांत तो सुमारे ४.३ प्रतीला पोहोचला, म्हणजे अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनी दिसू लागला. लहान दुर्बिणींना वर्णपटदर्शक जोडणाऱ्या हौशी निरीक्षकांनीही त्याचे वर्णपट सातत्याने नोंदवले. मोठ्या वेधशाळांचा वेळ आधीच वाटून दिलेला असतो. अशा वेळी वेगवेगळ्या रेखांशांवरच्या या मंडळींमुळेच नोंदींची साखळी तुटत नाही, आणि त्यांचे हे काम दुय्यम मानणे चुकीचे ठरेल.

याच नवताऱ्याने आणखी एक मोठी गोष्ट दाखवली. स्फोटानंतर ३८ ते ४८ दिवसांच्या दरम्यान आकितो ताजित्सू व सहकाऱ्यांनी हवाईतील सुबारू दुर्बिणीतून ३१३ नॅनोमीटरजवळच्या रेषा तपासल्या, तेव्हा सेकंदाला सुमारे १,१०० व १,२७० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येणाऱ्या वायूत बेरिलियम-७ आढळले. त्याच्या ऱ्हासातून लिथियम-७ बनते. त्यामुळे दीर्घिकेतील लिथियमचा काही वाटा नवताऱ्यांतून येतो, या १९७०च्या दशकातील अंदाजाला थेट आधार मिळाला. बेरिलियम-७चा अर्धायुकाल सुमारे ५३ दिवस असल्याने १६० दिवसांनी त्याचा जेमतेम आठवा हिस्सा उरतो.