उतारानं मारलं

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन रविवारी पळून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी ऑफिसात लगेच ओळखू येतो. जिना तो बरा चढतो. उतरताना मात्र कठड्याला धरून, अंग आडवं करून, खेकड्यासारखा एकेक पायरी. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्याचे हाल विचारूच नका. पहिल्या खेपेला मी तिथून दाराच्या कडीला धरून उठलो होतो. कडीचा तो आवाज घरच्यांनी आठवडाभर पुरवला.

खरं तर शर्यतीत जीव निघतो तो यवतेश्वरचा घाट चढताना. परतीच्या उतारावर श्वास जागेवर येतो, वारा लागतो आणि घड्याळातला वेग बघून आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटायला लागतं. पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या मुख्यतः या सुखाच्या उतारामुळेच.

पाय जमिनीवर टेकला की गुडघा किंचित वाकतो. मांडीचा पुढचा स्नायू त्या क्षणी शरीराचा भार तोलायला आवळलेला असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. भरलेली बादली दाणकन न आपटता हळूच खाली ठेवताना दंडाचं जे होतं, तेच. या कामाला शरीरशास्त्रात ‘एक्सेंट्रिक’ आकुंचन म्हणतात. सोप्या भाषेत, ब्रेक मारणं. सपाटीवरही हे घडतं. उतारावर प्रत्येक पावलाला जास्त घडतं.

ब्रेक मारणं किती स्वस्त पडतं, हे १९५२ साली ॲबट, बिगलँड आणि रिची या ब्रिटिश संशोधकांनी मोठ्या गमतीशीर पद्धतीनं दाखवलं. दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीनं जोडल्या. एकानं पुढं पॅडल मारायचं, दुसऱ्यानं त्याला नुसतं अडवायचं. दोघांच्या पायांवर जोर सारखाच, पण अडवणाऱ्याला लागणारा ऑक्सिजन कितीतरी कमी. लंडनच्या रॉयल सोसायटीत याचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा अडवायला बसलेल्या तरुणीनं पुढं पॅडल मारणाऱ्या पुरुषाला हां हां म्हणता दमवून टाकलं.

या स्वस्ताईची किंमत स्नायूतले तंतू मोजतात. ब्रेक मारताना तेवढ्याच भाराला कमी तंतू पुरतात, म्हणून एकेका तंतूवर ओढ जास्त पडते. तंतूच्या आत सार्कोमिअर नावाचे सूक्ष्म खण एकापुढे एक रचलेले असतात. त्यातले कमजोर खण मर्यादेपलीकडे ताणले जाऊन विस्कटतात. मग सूज, साफसफाई आणि डागडुजी सुरू होते. तिला वेळ लागतो, त्यामुळे दुखणं शर्यतीच्या दिवशी नाही तर साधारण २४ ते ७२ तासांनी शिगेला पोचतं. लॅक्टिक ॲसिड साठलं म्हणून पाय दुखतात, हे अजूनही जिममध्ये ठणकावून सांगितलं जातं. पण रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे त्याच ॲसिडचं रूप, पळणं थांबल्यावर तासाभरात पूर्वपदावर येतं. मंगळवारच्या दुखण्याचं खापर त्याच्यावर फोडण्यात अर्थ नाही.

जास्त महत्त्वाची गोष्ट अशी की दुखणं ओसरलं तरी ताकद पूर्ण परतलेली नसते. गुरुवारी पाय मोकळे वाटतात आणि माणूस शुक्रवारी जोरात पळायला जातो. निम्म्या दुखापती या शुक्रवारच्या असाव्यात, असं आपलं माझं मत. तो आठवडा चालण्याचा, झोपेचा आणि भात-आमटी-अंडी पोटभर खाण्याचा. तेलमालिशानं बरं वाटतं, जरूर करावं. तंतू त्यानं लवकर सांधत नाहीत. पेनकिलर घेऊन पळणं मात्र नकोच. पाणी कमी पडलेल्या शरीरात आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. आणि शर्यतीनंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर घरगुती उपाय करत न बसता थेट हॉस्पिटल गाठावं. फुटलेल्या स्नायूंतलं द्रव्य मूत्रपिंडात पोचल्याची ती खूण असू शकते.

आता दिलाशाची बाजू. स्नायू ही मारहाण विसरत नाही. उतारावर एकदा पळालात की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारानं पाय बरेच कमी दुखतात, आणि हे संरक्षण मिळवायला पहिली खेप जीवघेणी असावी लागत नाही. म्हणून पुण्याची मंडळी सिंहगडाच्या घाटात सरावाला जातात तेव्हा चढून झाल्यावर गाडीत बसून खाली येऊ नये. उतरतानाचा सराव हाच तर खरा सराव. छोटी पावलं, हलका वेग, आधी दोनेक किलोमीटर, पुढच्या खेपेला थोडं जास्त. शेवटची मोठी खेप शर्यतीच्या दोन आठवडे आधी आटपावी.

हाच ब्रेक औषध म्हणूनही चालतो. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांची टाचेमागची जाड दोरी, म्हणजे ॲकिलीस टेंडन, जुनाट दुखत होती. ऑपरेशन करायला वरिष्ठांनी नकार दिला. तेव्हा, गोष्ट अशी सांगतात की, ती तुटावीच म्हणून त्यांनी तिच्यावर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली. तुटायची राहिली बाजूला, दुखणंच गेलं! १९९८ साली त्यांनी तोच व्यायाम १५ हौशी धावपटूंना १२ आठवडे दिला आणि सगळे पुन्हा पळायला लागले. नंतरच्या अभ्यासांत यश इतकं सरसकट दिसलं नाही, तरी उपचार टिकून आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, बऱ्या पायाच्या जोरावर टाचा वर न्यायच्या आणि दुखऱ्या पायावर भार देत टाच हळूहळू पायरीखाली उतरवायची. १५ वेळा, असे तीन फेर गुडघा सरळ ठेवून, तीन वाकवून. सकाळ-संध्याकाळ.

हा व्यायाम दुखणं टाचेच्या वर दोन-तीन बोटांवर असेल तरच. दोरी जिथं टाचेच्या हाडाला चिकटते नेमकं तिथंच दुखत असेल, तर टाच पायरीखाली नेल्यानं ती जागा आणखी दाबली जाते. अशांनी हा व्यायाम सपाट फरशीवरच करावा. आणि नडगीवर एका बोटानं दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, रोज पळताना वाढत असेल, तर व्यायामाचा विचारच सोडावा. तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत तो एक्स-रेमध्ये बहुधा दिसतही नाही.