आत्मकरुणा की आत्ममैत्री? गोल्फमधील एका संज्ञेची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये ‘गोल्फ क्लब’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, म्हणजे क्रिकेटचे सामने आणि पहाटे फेऱ्या मारणारे नाशिककर. गोल्फ तिथे नावापुरताच उरला आहे. नाव एक आणि वस्तू दुसरी, असाच प्रकार या खेळाच्या मानसशास्त्रात ‘आत्मकरुणा’ या शब्दाच्या बाबतीत झाला आहे.

हलका पट, म्हणजे चेंडू होलकडे घरंगळत नेणारा छोटा फटका, मारताना मनगटाला अवचित झटका बसतो, त्याला गोल्फपटू ‘यिप्स’ म्हणतात. अशा तक्रारींवर विसाव्या शतकात बहुतेक एकाग्रतेचे आणि आत्मविश्वासाचे धडे दिले जात. चूक झाल्यावर खेळाडू स्वतःशी काय बोलतो, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. 2003 मध्ये अमेरिकेत 26 विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली आणि स्वतःशी सौम्यतेने वागणे, चुका सर्वांच्याच हातून होतात हे ओळखणे आणि दुःखात वाहून न जाता त्याकडे सजगपणे पाहणे, अशा तीन अंगांनी ‘आत्मकरुणा’ (इंग्रजीत ‘सेल्फ-कम्पॅशन’) ही वृत्ती मोजता येऊ लागली.

खरा गुंता शब्दाचा आहे. पांडवलेण्यांसारखी बौद्ध लेणी असलेल्या शहराला करुणा नवी नाही. पण मराठी कानाला ‘आत्मकरुणा’मध्ये स्वतःची कीवच ऐकू येते, आणि कीव करणारा खेळाडू कोणत्या प्रशिक्षकाला हवा असतो? वास्तविक पाचव्या शतकातील एक प्रसिद्ध पाली बौद्ध ग्रंथ मैत्रीभावनेची सुरुवात स्वतःपासून करायला सांगतो, तर करुणेची एखाद्या दीन, दुःखी माणसापासून. म्हणजे त्या परंपरेच्याच हिशेबाने ‘आत्ममैत्री’ हा शब्द अधिक नेमका ठरला असता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे; परंतु इंग्रजी संज्ञेचा शब्दशः तर्जुमा झाला आणि गैरसमज पक्का झाला. स्वतःला माफ केले तर ईर्षा मावळेल, ही भीती परदेशातील खेळाडूंनीही मुलाखतींतून बोलून दाखवली आहे, त्यामुळे दोष एकट्या मराठीच्या माथी मारता येणार नाही.

मोजमापावरही वाद आहेच. प्रश्नावलीतील निम्मी विधाने सौम्यतेसारख्या अनुकूल वृत्तींची आहेत, तर निम्मी आत्मनिंदेसारख्या प्रतिकूल वृत्तींची. प्रतिकूल विधाने उलटी मोजून एकच बेरीज करावी की दोन्ही वेगळी ठेवावीत, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. बेरजेला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे अधिक पटते, कारण स्वतःला शिव्या न देणारा माणूस स्वतःशी प्रेमाने वागतोच असे नाही.

2013 मध्ये स्वतःवर कडक टीका करणाऱ्या महिला खेळाडूंना सात दिवस लेखनाचा सराव देण्यात आला, तेव्हा त्यांची आत्मनिंदा आणि चुका उगाळत बसण्याची सवय कमी झाली. कामगिरी सुधारल्याचा दावा मात्र त्या प्रयोगाचा नव्हता. मनःस्वास्थ्य आणि धावफलक यांना एकाच दाव्यात बांधण्याची घाई नंतरच्या प्रचारकांनी केली.

गोल्फमध्ये ही घाई अधिक होते, त्याला खेळाची घडण कारणीभूत आहे. बाद झालेला फलंदाज तंबूत परततो. तीन फुटांवरचा पट हुकलेला गोल्फपटू मात्र तो फटका स्वतःच्या कार्डावर मोजून पुढच्या टीपर्यंत, म्हणजे पुढच्या होलच्या सुरुवातीच्या जागेपर्यंत, चालत जातो, आणि तेवढ्या वेळात त्याला दुसरे काही काम नसते. टोकियोत 2021 मध्ये एका भारतीय महिलेचे पदक 72 होलनंतर एका फटक्याने हुकले. तो एक फटका त्या चार दिवसांतला नेमका कोणता, हे कार्डावरून कोणालाच सांगता येत नाही.