पित्तनलिकेतील स्टेंट व सोनोग्राफी

स्वादुपिंडाच्या, पित्ताशयाच्या किंवा पित्तनलिकेच्याच कर्करोगाने पित्ताची वाट अडली की ती मोकळी ठेवण्यासाठी आत बसवतात ती बारीक नळी म्हणजे स्टेंट. गाठ जागेवरच राहते; पण कावीळ उतरते, रात्रीची झोप उडवणारी खाज थांबते आणि केमोथेरपीचा विचार करता येतो. मात्र ही नळी पुन्हा तुंबू शकते. त्यासाठीच सोनोग्राफीचा पाठपुरावा.

प्लास्टिकची नळी जेमतेम २ ते ३ मिमी जाडीची. जंतूंचा थर आणि पित्ताचा गाळ साचून ती साधारण ३ महिन्यांत बदलावी लागते. धातूची जाळी उघडल्यावर सुमारे १० मिमी रुंद होते, अधिक टिकते; पण तिच्या छिद्रांतून गाठ आत वाढू शकते. आच्छादित जाळीत हे कमी होते, तर ती सरकण्याचा धोका असतो.

तपासणी उपाशीपोटी होते. उजव्या बरगडीखाली प्रोब टेकवून डॉक्टर "श्वास घ्या, धरून ठेवा" म्हणतात आणि पडद्यावर प्लास्टिकचा स्टेंट दोन समांतर उजळ रेघांसारखा उमटतो. त्याचे खालचे टोक आतड्यातल्या वायूमुळे बहुधा दिसतच नाही. म्हणून खरे उत्तर शोधायचे ते यकृतात. तिथल्या पित्तनलिकांत हवेच्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर अहवालात 'न्यूमोबिलिया' असे लिहिलेले असते. ते वाचून घरचे घाबरतात. वास्तविक ही हवा आतड्यातून स्टेंटवाटेच वर चढलेली असते. वाट खुली असल्याची ती बहुतेक वेळा खूणच. आधी असलेली हवा नाहीशी झाली, नलिका पूर्वीपेक्षा फुगल्या आणि रक्तातले बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे पिवळे द्रव्य, चढले, तर नळी तुंबल्याचा संशय बळावतो. नुसत्या फुगलेल्या नलिकांवरून निष्कर्ष काढू नये. स्टेंटनंतरही त्या काही काळ रुंद राहतात.

सगळी भिस्त तुलनेवर असल्यामुळे जुना अहवाल हाताशी हवा. वाळपई किंवा पेडण्याहून पहाटेच्या बसने उपाशी निघून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) पोहोचलेल्या माणसाची फाईल घरीच राहिली, तर अर्धी तपासणी वाया जाते. फाईलच्या पहिल्याच पानावर स्टेंट कधी बसवला आणि प्लास्टिकचा की धातूचा, एवढे ठळक लिहून ठेवावे.

गावाकडे कावीळ म्हटली की आधी झाडपाल्याचे औषध आठवते. स्टेंट असलेल्याची कावीळ परतली, लघवी गडद झाली, शौच पांढुरके झाले, तर त्यात एक दिवसही घालवू नये. हुडहुडी भरून ताप आला तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जावे. पित्तमार्गातला संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. तिथे प्रतिजैविके सुरू करून दुर्बिणीतून प्लास्टिकची नळी बदलतात, तुंबलेल्या जाळीत दुसरी नळी घालतात. दुर्बीण तिथवर पोहोचत नसेल, तर सोनोग्राफीच्याच मदतीने त्वचेतून यकृतात नळी घालून पित्त बाहेर काढतात.