एकच लोकल, दोन वेळापत्रकं: सिम्युलेटरसाठी कोणतं खरं?

नव्वदच्या दशकातली मध्य रेल्वेची एक सकाळ संगणकावरच्या ट्रेन सिम्युलेटरवर उभी करायची, म्हणून मी घरातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून लोकलचं खिशात मावणारं वेळापत्रक शोधून काढलं. सहा ते दहा, अप-डाउन, धीम्या-जलद, सगळ्या गाड्या एक्सेलमध्ये उतरवायला तीन रविवार गेले. साडेसातपर्यंत सगळं झकास चाललं. पावणेआठला व्हीटीचे फलाट भरले आणि मशीद, सँडहर्स्ट रोडपर्यंत लोकल एकीमागे एक तुंबल्या. वेळा पुन्हा तपासल्या, एकही चुकलेली नव्हती. गल्लत पुस्तक निवडण्यातच झाली होती.

रेल्वे एकाच गाड्यांची दोन वेळापत्रकं काढते. एक आपल्यासाठी, बुकस्टॉलवर मिळायचं ते. दुसरं रेल्वेच्या माणसांसाठी, ते वर्किंग टाइमटेबल. रेल्वेवाले त्याला डब्ल्यूटीटी म्हणतात. दोन्हींत गाडी तीच, स्टेशनं तीच, वेळाही साधारण त्याच, त्यामुळे एक हाताशी असलं की दुसऱ्यावाचून अडणार नाही असं वाटतं. पण आपलं पुस्तक फक्त फलाटावर कधी यायचं ते सांगतं. कोणता रूळ किती वेळ कोणाच्या ताब्यात, हे दुसऱ्यात असतं. सिम्युलेटरमध्ये आपण मोटरमनच्या जागी बसतो, आणि मोटरमन काही बुकस्टॉलवरचं पुस्तक बघून गाडी हाकत नाही.

एक कल्याण फास्ट घेऊ. आकडे समजण्यापुरते, माझ्या मनचे. बुकस्टॉलवरच्या छापील पुस्तकात दादर ८.२७, कुर्ला ८.३५, घाटकोपर ८.४०, ठाणे ८.५६ एवढंच. माटुंगा आणि शीवसमोर नुसती रेघ. वर्किंग टाइमटेबलमध्ये तीच गाडी दादरला साडेआठला साडेतीन मिनिटं असताना येते, तीन मिनिटं असताना सुटते. म्हणजे येणं वेगळं, सुटणं वेगळं, आणि हिशेब अर्ध्या मिनिटाचा. जिथे ती थांबत नाही अशा काही ठिकाणीही ती कधी पार व्हायला हवी ते दिलेलं. पाठोपाठच्या गाडीला हिरवा सिग्नल मिळणार की पिवळा, हे या पार होण्याच्या वेळांवर ठरतं. छापील पुस्तकातल्या रेघेला तुम्ही ‘इथे काही घडत नाही’ असं वाचलंत, तर सिम्युलेटरमध्ये दोन जलद गाड्या एकमेकींच्या शेपटाला लागल्याच म्हणून समजा.

शिवाय गाडी कोणत्या रुळावरून जाते? ठाण्याहून सुटलेली जलद लोकल पुढे डोंबिवलीला लागते, इतकंच प्रवाशाला कळतं. ती १९१६ सालच्या पारसिक बोगद्यातून गेली की कळवा-मुंब्र्याच्या बाजूने, याचा छापील पुस्तकात पत्ता नाही. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू होईपर्यंत जलद लोकल बोगद्यातून जायच्या, आता मुंब्र्यावरून जातात. आजच्या लोकलमध्ये बसून घेतलेला व्हिडिओ बघून १९९५ चा मार्ग आखाल तर खिडकीबाहेर अंधाराऐवजी मुंब्र्याचा डोंगर दिसेल. नेहमीचा ठाणेकर पहिल्या मिनिटाला तुमची चूक पकडेल.

आता माझ्या तुंबलेल्या फलाटांकडे येतो. कारशेडमधून निघालेला रिकामा रेक (म्हणजे एका गाडीच्या डब्यांचा अख्खा संच), यार्डात परतणारा रेक, एकटं इंजिन, मालगाड्या, यातलं काही छापील वेळापत्रकात येत नाही, कारण त्यात कोणी तिकीट काढून बसत नाही. रूळ मात्र ते सगळे अडवतात. त्याहून महत्त्वाची ती रेकची लिंक: आलेला रेक पुढे कोणती गाडी होऊन परतणार, याची साखळी. मी आलेला प्रत्येक रेक फलाटावर उभाच ठेवत होतो आणि सुटणाऱ्या प्रत्येक लोकलसाठी नवा रेक जन्माला घालत होतो. पावणेआठला मुंबईत असतील नसतील तेवढे रेक व्हीटीत जमले. मी वापरतो त्या ओपन रेल्स सिम्युलेटरच्या टाइमटेबल मोडमध्ये ‘डिस्पोज’ नावाची ओळ असते. तिच्यात ‘फॉर्म्स’ लिहून पुढच्या गाडीचं नाव दिलं की तोच रेक पुढची गाडी होतो. एका ओळीचं काम, पण त्यासाठी कोणत्या गाडीची कोणती गाडी होते हे माहीत हवं, आणि ते बुकस्टॉलवर विकत मिळत नव्हतं.

घाटात तर छापील पुस्तक अगदीच मुकं होतं. कर्जतला एक्सप्रेस काही मिनिटं थांबते एवढं ते सांगतं. प्रवासी म्हणतात, वडापावसाठी थांबते. वर्किंग टाइमटेबलमधून कळतं की पुढे बोरघाटात १:३७ चा चढ आहे आणि इथे मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं लागतात. मुंबईकडच्या रुळांवर डीसी वीज होती त्या काळात इगतपुरीला भुसावळकडून येणाऱ्या गाड्यांचं एसी इंजिन काढून डीसी लावायचे, तेही तसंच. कारण न कळता नुसता थांबा घेतलात, तर घाटातली सगळी मजा गेली.

एक फसवी जागा दोन्ही पुस्तकांत सापडते. लांब पल्ल्याची गाडी शेवटच्या टप्प्यात अचानक मरगळल्यासारखी दिसते, जेमतेम अंतराला भरमसाट वेळ. रुळांच्या कामांसाठी आणि उशीर भरून काढण्यासाठी राखून ठेवलेली ती मिनिटं असतात. वर्किंग टाइमटेबलमध्ये ती वेगळी मांडलेली असतात, छापील पुस्तकात धावण्याच्या वेळेत मुरलेली. ती मिनिटं धरून वेग काढून ‘त्या काळी गाडी इतकी हळू चालायची’ असा निष्कर्ष काढू नये. मी काढला होता.

मग छापील पुस्तक रद्दीत घालायचं का? मुळीच नाही. वर्किंग टाइमटेबल मिळालं की माणूस हुरळतो, पण त्याला करेक्शन स्लिपा, म्हणजे नंतरच्या दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या असतात आणि जुन्या प्रतीत त्या बहुतेक गळून पडलेल्या असतात. छापील पुस्तकाच्या दोन-चार वर्षांच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की बदल कुठे झाला ते सापडतं. कोणतं स्टेशन तेव्हा होतं, याला तर त्याच्याइतका साक्षीदार नाही. नाहूर २००६ चं, राम मंदिर २०१६ चं. वाशीपर्यंत लोकल गेली १९९२ मध्ये, आणि चर्चगेटची पहिली लेडीज स्पेशलही त्याच वर्षीची. १९९० सालच्या दृश्यात यातलं काहीही दिसलं तर बाकी सगळं चोख असूनही उपयोग नाही.

फारच मागे जाणार असाल तर घड्याळही तपासा. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, त्याआधी रेल्वे मद्रास टाइमवर चालायची, म्हणजे आजच्या वेळेच्या नऊ मिनिटं मागे. मुंबई शहर स्वतःच्या मुंबई टाइमवर, आणखी अर्धा तास मागे. जीआयपीची, म्हणजे मध्य रेल्वेच्या पूर्वज कंपनीची, सकाळी सहाची वाफेची गाडी सिम्युलेटरच्या घड्याळात सहालाच सोडलीत, तर सूर्य चुकीच्या जागी असेल.

वर्किंग टाइमटेबल हाती लागत नसेल तर छापील पुस्तकातूनच ते थोडंफार उकलता येतं. आता मी तेच करतो. टर्मिनसला येणाऱ्या सगळ्या गाड्या एका रकान्यात, सुटणाऱ्या दुसऱ्या रकान्यात. मग जोड्या लावायच्या. धीमी आली की बहुधा धीमीच परतते, कारण फलाट त्याच बाजूचा. नऊ डब्यांची आली तर नऊचीच गेली पाहिजे. मोटरमनला एका टोकाच्या केबिनमधून दुसऱ्या टोकाला जायला लागणारी मिनिटं सोडायची. जोडी न सापडलेली सुटणारी गाडी म्हणजे तिचा रेक कुठून तरी रिकामा आलेला. जोडी न सापडलेली येणारी म्हणजे तो कारशेडला निघाला. या उरलेल्यांना कुर्ला नाहीतर कळवा कारशेडच्या वाटेला लावून बघायचं, मधल्या गाड्यांत फट मिळते का ते पाहायचं.

माझ्या यादीत शेवटी एकच सुटी गाडी राहिली, पहाटेची पहिली लोकल. तिच्याआधी येणारी कोणतीच गाडी नव्हती आणि त्या वेळी कारशेडहून रेक आणायलाही जागा बसेना. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग आठवलं, रात्रीच्या शेवटच्या लोकलने आलेले काही रेक फलाटावरच मुक्काम करतात. पंखे बंद, दारं उघडी. तो रेक आदल्या रात्रीच्या पानावर होता.