हिमोग्लोबिन ठीक, म्हणजे लोह ठीक?

‘हिमोग्लोबिन नॉर्मल आहे, म्हणजे शरीरात लोह पुरेसे आहे’ हा समज लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये वर्षानुवर्षे फिरत आहे, आणि अहवालात तोच आकडा आधी नजरेत भरत असल्याने तो स्वाभाविकही आहे. प्रत्यक्षात लोह कमी पडू लागले की शरीर प्रथम साठ्यातले लोह वापरते. त्यामुळे फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे रक्तातले प्रथिन, आधी घटते, हिमोग्लोबिन बरेच नंतर. हिमोग्लोबिन १३ आणि फेरिटिन १५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या खाली, म्हणजे साठा जवळजवळ रिकामा, असे एकाच अहवालात दिसू शकते. म्हणून दोन्ही चाचण्या एकत्र कराव्यात. मात्र शर्यतीनंतर लगेच किंवा तापात नव्हे, कारण तेव्हा शरीरात दाह (इन्फ्लमेशन) असतो आणि दाह असताना फेरिटिन वाढलेले दिसते. गोळ्या डॉक्टरांनी अहवाल पाहिल्यावरच घ्याव्यात, कारण जादा लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही.