अमेरिकेत डॉकसमोर बोया टाकायचाय? आधी हा अर्ज भरा

पाण्याकाठी घर घेतलं आणि समोर वाळूचा उथळ पट्टा असला की आपण काय करतो, बोया, म्हणजे बोटवाल्यांसाठी पाण्यावर तरंगणारी खूण, म्हणून रिकामा पांढरा प्लास्टिकचा कॅन दोरी आणि विटेला बांधून सोडून देतो. मीही केलंय, आणि रात्री परत येताना तो कॅन बोटीला अगदी चिकटेपर्यंत मला दिसला नव्हता, म्हणून कळकळीने सांगतोय, असं करू नका. बोटी ये-जा करतात त्या फेडरल (केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या) पाण्यात बोया, खांब, दिवा काहीही लावायचं तर कोस्ट गार्डची परवानगी आधी लागते.

अर्ज कोणीही करू शकतं, घरमालक, मरीना (बोटी लावायचा धक्का), क्लब, गावची संस्था. फॉर्मचा नंबर सीजी-२५५४, तो आपल्या भागाच्या कोस्ट गार्ड डिस्ट्रिक्ट ऑफिसला पाठवायचा. त्यात जागेचे अक्षांश-रेखांश (जीपीएसचे चालतात), चार्टचा (बोटींसाठीच्या पाण्याच्या नकाशाचा) तेवढा तुकडा खूण करून, खर्च कोण करणार आणि देखभाल कोण करणार त्यांची नावं-पत्ते, वर्षातले कुठले महिने बोया राहणार आणि मुळात तो हवाय कशाला हे लिहायचं. दिवा असेल तर रंग, लुकलुकण्याची पद्धत, पाण्यापासूनची उंची पण. पक्का खांब ठोकणार असाल तर आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सची (लष्कराच्या अभियंता विभागाची) मंजुरी वेगळी, ती आधी काढा. राज्याच्या ताब्यातलं तळं असेल किंवा वेग कमी करा सांगणारा पांढरा-नारिंगी बोया हवा असेल तर राज्याच्या खात्याकडे आधी विचारून घ्या.

आता मुंबईत बोट चालवलेल्यांनी हे नीट वाचा. तिकडे समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे आणि हिरवा उजवीकडे ठेवतात, अमेरिकेत बरोब्बर उलटं, लाल उजवीकडे. आकार मात्र दोन्हीकडे तेच, डावीकडचा डब्यासारखा सपाट डोक्याचा, उजवीकडचा निमुळता. इथे लालवर सम आकडा, हिरव्यावर विषम. सवयीने उलटा रंग मागाल तर बोया लोकांना वाळूवरच नेईल.

परवानगी मिळाली म्हणजे बोया तुमची जबाबदारी, फॉर्ममध्येच लिहिलेलं असतं की कुणी दावा लावला तर तो कोस्ट गार्डवर येऊ देणार नाही. वादळात सरकला, दिवा गेला, तर लगेच कळवायचं म्हणजे बोटवाल्यांसाठी सूचना निघते. कोस्ट गार्ड ऑक्झिलरीचे स्वयंसेवक अधूनमधून येऊन तपासतात पण. परस्पर काढूनही टाकायचा नाही, आणि घर विकलंत तर तुम्ही आणि नवा मालक दोघांनी परत तोच फॉर्म भरून जबाबदारी त्याच्या नावावर करायची.